इंटरनेट : संगणकयुगाचा शेवटचा टप्पा?

फुलंब्री तालुक्यातील एखाद्या शेतात कपाशी आहे की मका, याची नोंद पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे ही नोंद शेतकऱ्याला बांधावरून मोबाइलवर स्वतः करता येऊ लागली. हे इंटरनेटमुळे साधले, हे खरेच. मग संगणकाच्या प्रगतीचे हेच अंतिम शिखर मानावयाचे काय?

इतिहास तसे सांगत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफरॅक’ हा संगणक मोजक्या शास्त्रज्ञांसाठी होता. १९७१ मध्ये मायक्रोप्रोसेसर बाजारात आला आणि पुढे संगणक टेबलावर मावू लागला. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने ‘जिस्ट’ तंत्राचा प्रसार केल्याने त्यावर देवनागरी उमटू लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा जनतेस खुली केली. त्यानंतर मोबाइलने तेच जाळे खेडोपाडी नेले. प्रत्येक टप्पा मागील टप्प्यावर उभा राहिला आणि प्रत्येक वेळी संगणक अधिक लोकांच्या हाती आला. इंटरनेट हा रस्ता आहे. रस्ता झाला म्हणजे प्रवास संपला, असे होत नाही.

पुढचा टप्पा आता दिसू लागला आहे. आजवर माणूस यंत्राची रीत शिकत आला. आता यंत्र माणसाची भाषा शिकत आहे. भारतीय भाषांसाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ उपक्रम याच दिशेचा आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही बोलून माहिती मिळू शकेल, हा त्याचा मोठा लाभ.

तथापि, शुद्ध मराठीत दिलेले उत्तर बरोबरच असेल, असे नाही. सातबारावरील एका चुकीच्या नोंदीने पीक विमा, शासकीय खरेदी किंवा नुकसानभरपाई अडू शकते. म्हणूनच ई-पीक पाहणीतही काही नोंदींची तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, पडताळणी करण्याची तरतूद आहे.

यंत्र कितीही बदलले तरी नोंदीची जबाबदारी माणसाचीच राहील. सातबारा गावासमोर वाचून दाखविणारे चावडी वाचन म्हणूनच कालबाह्य ठरत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना यंत्राचे उत्तर तपासण्यास शिकवावे आणि पंचायत सदस्यांनी चावडी वाचनास आवर्जून उपस्थित राहावे. नव्या युगाची खरी पूर्वतयारी हीच होय.