भिंतीवरील चित्रांसह व्याख्यान : संगणक व प्रोजेक्टर यांची मांडणी

शेतकरी मंडळांच्या सभांतून तोंडी भाषणाच्या जोडीस भिंतीवर चित्रें दाखविण्याची चाल हल्लीं पडत चालली आहे. ही चाल अगदींच नवी नव्हे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं सन १८९२ मध्यें 'शांबरिक खरोलिका' या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले होते. कंदील, भिंग, रंगीत कांच व पडदा एवढेंच त्यांचें मुख्य साहित्य. आतां कांचेच्या जागीं संगणकांतील पानें आलीं व कंदिलाच्या जागीं प्रोजेक्टर आला; तथापि उजेड, अंधार व अंतर यांचे नियम होते तेच आहेत. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांतील कारकुनींतून सेवानिवृत्त झाल्यावर हें काम प्रथमच हातीं घेतलें आणि पहिल्याच खेपेस आपली फजिती करून घेतली. ज्या मंडळांस असें व्याख्यान प्रथमच करावयाचें आहे त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून ती हकीकत व तीवरून शिकलेल्या गोष्टी येथें देतों.

सन २०२४ च्या फेब्रुवारींत आमच्या देवळाच्या सभामंडपांत वारस-नोंदीविषयीं बोलण्याचें मीं पत्करलें. खातेदार मयत झाल्यावर वारसांनीं तीन महिन्यांचे आंत वर्दी द्यावी असें महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचें कलम १४९ सांगतें. प्रत्यक्षांत वर्षेंच्या वर्षें लोटतात व उताऱ्यावर मयताचेंच नांव राहतें. सातबारा उताऱ्यांतील कोणता रकाना काय सांगतो हें साठ माणसांस एका कागदावरून दाखविणें अशक्य, म्हणून प्रोजेक्टर भाड्यानें आणविला. वेळ दुपारीं चारची ठेवली. यंत्राबरोबर आलेली वायर जुन्या तऱ्हेची, निळ्या डोक्याची व पंधरा टांचण्यांची निघाली. माझ्या नव्या लॅपटॉपला तसलें भोंकच नव्हतें. तेव्हां माझीं पानें पेन ड्राइव्हवरून यंत्रवाल्याच्या लॅपटॉपवर घेतलीं. तेथें सर्व मराठी अक्षरें बिघडलीं. 'वारस' या शब्दाच्या जागीं ओ, के, जे, एल अशीं चार इंग्रजी अक्षरें भिंतीवर उमटलीं आणि तींही उघड्या मंडपांतील उन्हाच्या उजेडांत धड दिसेनात. या खटपटींत पाऊण तास गेला. एक वयस्क गृहस्थ पलीकडच्या गांवाहून आपला उतारा घडी करून खिशांत घालून आले होते. वडील वारून नऊ वर्षें झालीं होतीं व उताऱ्यावर नांव वडिलांचेंच होतें. शेवटच्या एस्. टी.ची वेळ झाली तशी त्यांनीं घडी पुन्हां खिशांत घातली आणि ते निघून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून मला जी शरम वाटली ती तीस वर्षांच्या नोकरींत साहेबांच्या शेऱ्यानें कधीं वाटली नव्हती.

अक्षरें कां बिघडलीं हें प्रथम सांगतों, कारण मराठींत पानें करणाऱ्या बहुतेकांवर हा प्रसंग येतो. कचेरींत आम्ही वर्षानुवर्षें कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीच्या फाँटवर टंकलेखन केलें. कृतिदेवासारख्या फाँटांत संगणक मनांत इंग्रजी अक्षरच धरून असतो; फाँट त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवितो. ज्या संगणकांत तो फाँट नाहीं तेथें मुखवटा गळून पडतो. युनिकोडचें तसें नाहीं. त्यांत मराठी अक्षराला स्वतःचाच क्रमांक असतो, त्यामुळें एक फाँट नसला तरी दुसऱ्यांत तें वाचतां येतें. विंडोजवर मंगल किंवा निर्मला हे युनिकोड फाँट आयतेच असतात. पानें त्यांतच करावीं. शिवाय पॉवरपॉइंटमध्यें फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेनें गेल्यास फाँट फाइलींतच बांधून ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. आणि त्याच पानांची एक पीडीएफ प्रत वेगळी काढून ठेवावी. पीडीएफमध्यें अक्षर जसेंच्या तसें राहतें. पॉवरपॉइंट विकत नसेल तर लिबरऑफिसमधील इम्प्रेस फुकट मिळतें व आपल्या कामास तें पुरेसें आहे.

आतां जागेविषयीं. ज्या जागीं व ज्या वेळीं सभा व्हावयाची त्याच जागीं, त्याच वेळीं, आदल्या दिवशीं सर्व साहित्य मांडून पाहावें. घरच्या माजघरांत केलेली तालीम सभामंडपांत उपयोगीं पडत नाहीं. यंत्राच्या उजेडाचें माप 'ल्युमेन' या शब्दानें देतात. सभेसाठीं तीन हजारांच्या खालचें यंत्र घेऊं नये. पण उघड्या मंडपांत भर दुपारीं त्याहून मोठें यंत्रही फिकेंच पडतें. दिवे लागल्यावरची वेळ धरावी हें उत्तम. पडद्याजवळचे दिवे मालवावे, मागचा एखादा चालूं ठेवावा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यास ठेच लागत नाहीं. पांढरी चादर इस्त्री करून चारी बाजूंनीं ताणून बांधल्यास पडद्याची उणीव भासत नाहीं. सुरकुती मात्र राहतां कामा नये.

अंतराचा हिशेब असा. यंत्राच्या माहितीपुस्तिकेंत 'थ्रो रेशो' म्हणून एक आंकडा असतो. तो दीड असला तर सहा फूट रुंद चित्रासाठीं यंत्र पडद्यापासून नऊ फुटांवर ठेवावें लागतें. नऊ फूट म्हणजे तें पुढच्या मंडळींच्या मध्येंच येतें. म्हणून सतरंज्या घालतांना मधून वाट सोडावी, नाहींतर प्रत्येक उठणाऱ्याच्या पागोट्याची सावली भिंतीवर पडते. लोक खालीं बसणार असल्यास चित्राची खालची कड जमिनीपासून चार फूट उंच ठेवावी. उंचीसाठीं यंत्राखालीं पुढून विटकर सारण्याचा मोह आवरावा. यंत्र वर कललें कीं चित्र वरून रुंद व खालून अरुंद होतें. टेबलाचीच उंची वाढवून यंत्र सपाट ठेवावें. अगदीं नाइलाजास 'कीस्टोन' नांवाची दुरुस्ती आहे, पण तिनें चित्राची स्पष्टता थोडी कमी होते.

अक्षर किती मोठें असावें हेंही मोजून ठरवितां येतें. साध्या मोठ्या लॅपटॉपचा पडदा सुमारें साडेतेरा इंच रुंद असतो. भिंतीवरचें सहा फुटी चित्र त्याच्या सव्वापांच पट मोठें झालें. शेवटचा माणूस चाळीस फुटांवर बसणार असेल, तर लॅपटॉपपासून साडेसात फुटांवर उभें राहून आपलें पान वाचून पाहावें. तेथून जें वाचतां येत नाहीं तें शेवटच्या माणसासही वाचतां येणार नाहीं. माझ्या पहिल्या पानावर कलम १४९ चा संबंध मजकूर होता! या कसोटीस लावल्यावर त्यांतल्या चारच ओळी शिल्लक ठेवाव्या लागल्या.

जोडणीचा क्रम थोडक्यांत देतों. यंत्र मागवितांनाच त्याची वायर कोणती व आपल्या लॅपटॉपला भोंक कोणतें याचा मेळ घ्यावा. निळ्या डोक्याची व्हीजीए वायर फक्त चित्र नेते, आवाज नेत नाहीं. चपटी एचडीएमआय वायर दोन्ही नेते. मेळ नसल्यास मधला जोड बाजारांत मिळतो, तो स्वतःचा घेऊन ठेवावा. वायर जोडून आधीं प्रोजेक्टर चालूं करावा व मिनिटभर थांबावें. 'नो सिग्नल' अशीं अक्षरें आलीं तर घाबरून वायरी उपसूं नयेत. 'सोर्स' किंवा 'इनपुट' हें बटण दाबून ज्या भोंकांत वायर घातली आहे त्याचें नांव निवडावें. मग लॅपटॉपवर विंडोजची कळ धरून पी दाबावें. चार पर्याय येतात. पहिल्यांदा बोलणाऱ्यानें 'डुप्लिकेट' हा घ्यावा, म्हणजे समोर जें दिसतें तेंच भिंतीवर जातें. 'एक्स्टेंड' घेतल्यास टिपणें आपल्यापुढें व चित्र भिंतीवर अशी सोय होते खरी, परंतु नवख्या माणसाचा बाण भलत्याच पडद्यावर हरवतो. एफ ५ दाबतांच पहिलें पान भरून दिसूं लागतें. कांहीं लॅपटॉपांवर जोडीस एफएन कळ दाबावी लागते. बोलतांना लोकांचें लक्ष आपल्याकडे हवें असेल तेव्हां बी दाबावें, भिंत काळी होते. पुन्हां दाबलें कीं चित्र परत येतें. पानाचा क्रमांक टंकून एंटर दाबल्यास थेट त्या पानावर जातां येतें. लॅपटॉप मध्येंच झोपीं जाऊं नये व खाजगी निरोप भिंतीवर झळकूं नयेत, यासाठीं त्या दोन्ही सोयी सभेपुरत्या बंद ठेवाव्या.

विजेची गोष्ट आपल्या खेड्यांतून विसरून चालत नाहीं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. सभेंत वापरतात त्या मोठ्या प्रोजेक्टरला बहुधा नसते. इन्व्हर्टर जोडावयाचा तर तो यंत्राचा भार सोसतो कीं नाहीं हेंही तालमींतच पाहावें. ध्वनिक्षेपक घरघरूं लागला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. पुष्कळदां तेवढ्यानें भागतें. पानांच्या वीस-पंचवीस छापील प्रती मात्र बरोबर असाव्याच, कारण सर्व यंत्रें बंद पडलीं तरी कागद वाचतां येतो.

एक गोष्ट यंत्राची नव्हे, पण जुन्या कारकुनाच्या नात्यानें सांगणें भाग आहे. नमुन्यादाखल कोणाचा तरी खरा उतारा भिंतीवर लावूं नये. तो दप्तरांत कोणासही पाहतां येतो हें खरें. तरी 'इतर हक्क' या रकान्यांतला सोसायटीचा बोजा सगळ्या गांवासमोर सहा फूट रुंद करून दाखविणें निराळें. नांव व गट नंबर झांकावा, तोही प्रतीवर शाईनें, आणि मग त्या प्रतीचें छायाचित्र घ्यावें. संगणकांत वरून काळा चौकोन ठेवला तर फाइल ज्याच्या हातीं जाईल त्यास तो बाजूस सरकवितां येतो.

मार्चअखेर हेंच व्याख्यान रात्रीं साडेसातास पुन्हां ठेविलें. त्या वयस्क गृहस्थांस आगाऊ निरोप धाडला व परतीच्या सोयीसाठीं एका सभासदाची जीप सांगून ठेविली. सहाव्या पानावर वीज गेली. दिवे गेले, ध्वनिक्षेपक गेला, इन्व्हर्टरवरील चित्र मात्र राहिलें, आणि अंधारांत तें अधिकच स्वच्छ दिसूं लागलें. वर्दींत काय काय लिहावें तें चौथें पान पुन्हां दाखवा, असें त्या गृहस्थांनीं म्हटल्यावरून चार दाबून एंटर केलें. मयताचें नांव, मृत्यूची तारीख, गट नंबर, सर्व वारसांचीं नांवें व नातीं, मुलींसुद्धां, असें तें पान होतें. बहिणींचीं नांवें कशाला, असा मागून एक आवाज आला; कायद्यानें त्या वारस आहेत म्हणून, एवढें सांगून पुढें गेलों.

सभा उठतांच एका उत्साही तरुणानें प्रोजेक्टरचा प्लग उपटण्यास हात घातला, त्यास थांबवावें लागलें. दिव्याचें यंत्र बटणानें बंद केल्यावर आंतला पंखा एक-दोन मिनिटें फिरत राहतो. तो थांबल्यावरच वायर काढावी, नाहींतर तापलेल्या दिव्याचें आयुष्य घटतें. पंखा फिरत होता तोंवर ते गृहस्थ बॅटरीच्या उजेडांत सतरंजीवर बसून दोघी बहिणींचीं नांवें कागदावर उतरवीत होते.