सगळा उतारच आहे हो, काकू!

सहलीच्या आयोजकांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं फोनवर आणि दुसऱ्यांदा माहितीसाठी जमलो तेव्हा, पोह्यांच्या बशा हातात असताना. "नदी जिकडे वाहते तिकडेच आपल्याला जायचंय. पॅडल मारावंसुद्धा लागणार नाही." पासाऊ ते व्हिएन्ना, डॅन्यूबच्या काठाने सायकलवर सव्वातीनशे किलोमीटर, वय वर्षं आठ ते ऐंशी, 'अगदी आरामात'. बँकेत मी छत्तीस वर्षं काढली. कोणी फार गोड बोलायला लागलं की आधी कागद मागावेत, हे काउंटरपलीकडच्या किती जणांना सांगितलं असेल. माझ्या वेळी मात्र मी पोहे खाल्ले आणि चेक लिहून दिला.

उताराचा हिशोब घरी परतल्यावर केला. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आणि व्हिएन्नातली नदी १६०च्या आसपास. म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरमध्ये १४० मीटरची घट, किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा नाही. आपल्या न्हाणीघराच्या फरशीला याहून जास्त उतार असतो. त्यातही ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबवर ठिकठिकाणी वीजनिर्मितीचे बंधारे आहेत. जो काही उतार आहे तो बहुतेक तिथेच उरकतो, मधलं पाणी तळ्यासारखं पडून असतं. वारा मात्र बरेचदा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पाठीवर. तेवढं श्रेय वाऱ्याला.

मी लाडावलेली बाई नाही, हे आधीच सांगते, कारण नंतर ग्रुपवर तसं सुचवलं गेलं. आठवड्यातून तीनदा पर्वती चढते. मला न थांबता जायचं नव्हतं, एवढंच. झाडाखाली बसायचं, घोटभर चहा प्यायचा, नदीतून जाणाऱ्या लांबलचक मालवाहू बोटी बघायच्या, हे 'आरामात' या शब्दात येतं असा माझा समज होता. आयोजकांच्या 'आरामात'मध्ये काय येतं हे मी विचारलं नाही. पाच दिवसांत सव्वातीनशे भागले की उत्तर पासष्ट येतं, आणि तो भागाकार मी केला नाही, ही चूक माझी. बाकीच्या त्यांच्या.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. इनचं हिरवट दुधाळ पाणी बराच वेळ वेगळं ओळखू येतं. ते बघायला दहा मिनिटं मिळाली. मग भाड्याच्या सायकली. आमच्या ह्यांची सवय अशी की सिग्नलला थांबले की पाय मागे फिरवून पॅडल वर घ्यायचं. भाड्याच्या त्या सायकलींना पॅडल मागे फिरवलं की मागचं चाक जाम होतं, तोच ब्रेक. शिवाय हँडलवरचे ब्रेकही उलटे. घरच्या सायकलला उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, इथे पुढचं चाक डाव्या हाताला. पहिल्याच चौकात हे बाजूच्या कुंडीवर गेले. ढोपर सोललं, बाकी काही नाही. आयोजक म्हणाले, "अरे हो, ते सांगायचं राहिलं."

सायकली ताब्यात घेऊन निघेपर्यंत दीड वाजला. पहिला मुक्काम श्लोगनला, बेचाळीसेक किलोमीटरवर. तिथे नदी एवढं मोठं वळण घेते की आली त्याच दिशेला परत निघाल्यासारखी वाटते. तिथवर दोन्ही तीरांवर सायकलमार्ग आहे, आणि फोनवर दिलेल्या नकाशात आमची निळी रेघ डाव्या तीराने जात होती. चारच्या सुमाराला पाऊस आला. आयोजक आणि दोघं तरणे पुढे निघून गेले. मी, हे आणि आमच्याबरोबर आलेल्या वहिनी मागे राहिलो. ओल्या ढोपराने हे किती जोरात चालवणार?

साडेसातला आऊ नावाच्या वस्तीपाशी पोचलो आणि वाट संपली. खरोखरच संपली. पुढे डोंगर सरळ पाण्यात उतरलेला. डाव्या तीराला त्या टप्प्यात सलग सायकलमार्ग नाहीच. तिथून फेरीबोटीने पलीकडे श्लोगनला जायचं, नाहीतर दुसऱ्या बोटीने काठाकाठाने थोडं पुढे उतरायचं. धक्क्यावर वेळापत्रकाची पाटी होती आणि शेवटची बोट गेलेली होती. समोर, दगड मारला तर पोचेल असं वाटावं इतक्या जवळ, श्लोगनचे दिवे लागत होते. फोनवर आयोजकांचा निरोप आला होता, पाऊण तासापूर्वीचा: "आम्ही क्रॉस केलं. तुम्ही पुढच्या बोटीने या." आणि एक अंगठा.

पाटी त्यांनीही वाचली असणार. त्याच पाटीखाली उभे राहून त्यांनी तो निरोप पाठवला.

मागे फिरलो. पाच-सहा किलोमीटर उलटं जाऊन निडररान्नाचा पूल, मग उजव्या तीराने तेवढंच पुढे. जूनमध्ये तिकडे नऊपर्यंत उजेड असतो म्हणून निभावलं. वहिनी वाटेत एकही शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा जपून राहावं.

श्लोगनला पोचल्यावर वाटलं, सुटलो. हॉटेलचा पत्ता काढला. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'डॅन्यूबवरील हॉटेल'. पत्त्यात गावाचं नाव हायबाख ओब डेअर डोनाऊ. नकाशा साडेतीन-चार किलोमीटर दाखवत होता, म्हटलं चला, एवढं तर एवढं. मग वहिनींनी त्याच नकाशात चढ किती ते बघितलं आणि फोन माझ्यासमोर धरला. दोनशे मीटरहून जास्त. पर्वतीवर पर्वती ठेवली तरी वर काही उरेल. बंद टपरीच्या पन्हाळीखाली उभं राहून मी ते तीन जर्मन शब्द फोनमध्ये घातले. 'डोनाऊ' म्हणजे डॅन्यूब हे ठाऊक होतं. 'ओब' म्हणजे 'च्या वर'. डॅन्यूबच्या वरचं हायबाख. गाव बिचारं आपल्या नावातच सांगत होतं की मी वर आहे. पत्रक छापताना कोणी तरी 'डोनाऊ' वाचलं आणि 'ओब' गाळलं, किंवा वाचलं आणि गप्प बसलं.

मी आयोजकांना फोन केला. मागे सुऱ्या-काट्यांचा आवाज. "काकू, तुम्ही जरा लवकर निघायला हवं होतं." हे वाक्य आजही रात्री दोन वाजता आठवतं आणि त्यावरची उत्तरं सुचतात. त्या क्षणी मी "बरं" म्हटलं. शेवटी हॉटेलच्या बाईंनीच टॅक्सी पाठवली. सायकली खालीच एकमेकींना साखळीने बांधून ठेवल्या. टॅक्सीचे २८ युरो झाले. वर गेलो तेव्हा स्वयंपाकघर बंद झालेलं, म्हणून ठेपले आणि नळाचं पाणी. (नळाचं पाणी तिकडे बिनधास्त प्यावं, बाटल्या विकत घेऊ नयेत.)

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की मुक्कामाचा पत्ता हाती आल्याशिवाय पैसे भरू नका. पत्ता नकाशात टाकून नदीपासूनचं अंतर बघायचं ते बघा, पण त्याहून आधी उंची बघा. नदीकाठची वाट सपाट असते, नदीकाठची गावं सपाट असतीलच असं नाही. खोऱ्यात काठावर जागा थोडी, म्हणून स्वस्त खोल्या वर असतात. हायबाख गाव आणि ते हॉटेल दोन्ही सुरेख होती, सकाळी वरून नदीचं अख्खं वळण दिसलं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

फेरीबोटीवर मार्ग अवलंबून असेल तर शेवटच्या बोटीची वेळ आधीच कागदावर लिहून घ्या, आणि ती ऋतूप्रमाणे बदलते हे धरून चाला. रोख सुटे युरो खिशात ठेवा. पासाऊ ते लिंत्स या टप्प्यात, श्लोगनपर्यंत तरी, उजवा तीर धरा.

सायकल ताब्यात घेताना पॅडल मागे फिरवून बघा. हे एका मिनिटाचं काम आहे आणि ढोपरं दोनच असतात.

ई-सायकल मिळते, मी विचारलंही होतं. "काकू, ती काय सायकल का? फसवणूक आहे." वाटेत आमच्या वयाची निम्मी जर्मन आणि ऑस्ट्रियन मंडळी त्या फसवणुकीवर बसून, केस न विस्कटता, आम्हाला हात करून पुढे जात होती. साठी ओलांडली असेल तर लाज न बाळगता घ्या. वजनदार असते, बोटीत चढवताना मदत मागावी लागते, एवढाच तोटा.

एक सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. गादीवाली सायकलची चड्डी घालायची तर आत दुसरं काहीही घालायचं नाही. शिवणी घासतात. हे मला दुसऱ्या दिवशी लिंत्सच्या औषधाच्या दुकानात, हातवारे करून मलम मागताना कळलं. बायकांना हे कोणी सांगत नाही आणि पुरुष आयोजकाला आपण विचारत नाही.

रविवारी किराणा दुकानं बंद असतात. खानावळींनाही आठवड्यातून सुट्टीचा दिवस असतो, दारावर 'रूहेटाग' लिहिलेलं दिसलं की मागे फिरा. बाकी नेहमीचंच: पाणी प्या, टोपी घाला, रेनकोट वर ठेवा.

कार्यक्रमपत्रिका शब्दनशब्द वाचा. आमच्या पत्रिकेत तिसऱ्या दिवशी 'माउटहाउझन – कॉफी' असं लिहिलं होतं. गावावरच्या टेकडीवर १९३८ पासून नाझींची छळछावणी होती. तिथल्या खाणीतून कैद्यांना धोंडे पाठीवर घेऊन १८६ पायऱ्या चढायला लावत. आज तिथे स्मारक आहे. मी कॉफी सोडून वर गेले, सायकल ढकलत. परत आल्यावर आयोजकांनी घड्याळ दाखवलं. त्यांच्याशी मी दुपारभर बोलले नाही.

नदीवर माझा राग नाही. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा टप्पा मी पुन्हा करेन, तोही दोन दिवस काढून. तिथे बंधारा नाही, त्यामुळे नदी वाहते ती खरोखर वाहताना दिसते. एका अंगाला दगडी बांधांच्या पायऱ्यांवर द्राक्षवेली, सखल भागात जर्दाळूच्या बागा. डुर्नश्टाइनच्या वर इंग्लंडचा राजा रिचर्ड ज्या गढीत ११९२च्या हिवाळ्यात कैदेत होता तिचे अवशेष आहेत. आणि काठावर बोटींसाठी किलोमीटरच्या पाट्या आहेत. त्यांचं मोजमाप काळ्या समुद्राकडून सुरू होतं, त्यामुळे आपण जाऊ तसे आकडे कमी होतात. पासाऊला बावीसशेच्या वर असतात आणि व्हिएन्नाजवळ एकोणीसशेच्या घरात येतात. वहिनी आणि मी त्या पाट्या मोठ्याने वाचत होतो. एका बाईंनी टोपलीतले चार पिकलेले जर्दाळू आमच्या हातावर ठेवले, पैसे घेतले नाहीत. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. त्या वेळी आयोजक सहा किलोमीटर पुढे होते.

व्हिएन्नात शेवटच्या रात्री ग्रुपवर हिशोब आला. 'टॅक्सी (२८ युरो) – वैयक्तिक खर्च, परतावा नाही.' मी तीन वाक्यं लिहिली, पुसली, झोपले.

मागच्या महिन्यात त्यांचा पुन्हा निरोप आला. पुढच्या जूनला नवी सफर निघते आहे, 'खास ज्येष्ठांसाठी, अगदी आरामात', आणि जाहिरातीसाठी माझा एखादा हसरा फोटो नि दोन चांगले शब्द हवे आहेत. टॅक्सीची पावती मी पाकिटात जपून ठेवली आहे, पावसात भिजून शाई पसरली आहे, पण रक्कम आणि 'ओब डेअर डोनाऊ' स्पष्ट वाचता येतं. तिचा फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या.