व्हर्च्युअल मशीनचं क्लोनिंग: फुकट काय, पैसे कशाला?

एक व्हर्च्युअल मशीन नीट बसवून घेतलं की घरच्या डेस्कटॉपवर त्याचे हवे तेवढे क्लोन काढता येतात. नेटवर्किंग शिकणाऱ्याला किंवा चाचणीसाठी सतत कोरं मशीन लागणाऱ्या प्रोग्रॅमरला त्याचा फार उपयोग होतो. मात्र यासाठी सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालवू नका.

ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. त्याचा एक्स्टेन्शन पॅक फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी फुकट असतो. व्यवसायासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. क्लोनिंगला हा पॅक लागतच नाही, तेव्हा ऑफिसच्या कम्प्युटरवर टाकूच नका. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोला पूर्वी पैसे पडायचे. नोव्हेंबर २०२४ पासून ते व्यावसायिक वापरालाही मोफत आहे. विंडोज प्रोमध्ये हायपर-व्ही आयतंच मिळतं, पण त्यात क्लोनचं बटण नाही. मशीन एक्स्पोर्ट करून, नवा आयडी देणारा पर्याय निवडून परत इम्पोर्ट करावं लागतं. एवढ्यासाठी होमवरून प्रोवर जाऊ नका.

हार्डवेअरमध्ये खरा खर्च डिस्क आणि रॅमचा. समजा, मूळ मशीनने १२ जीबी जागा घेतली आहे. चार फुल क्लोन (म्हणजे पूर्ण प्रती) काढले तर आणखी ४८ जीबी गेले. लिंक्ड क्लोन मूळ डिस्कवरच उभा राहतो आणि फक्त बदल वेगळे साठवतो, त्यामुळे सुरुवातीला जागा जवळजवळ लागतच नाही आणि तयारही चटकन होतो. पण मूळ डिस्कची फाईल हलली किंवा पुसली गेली, की त्यावरचा एकही लिंक्ड क्लोन सुरू होत नाही. म्हणून सरावाला लिंक्ड घ्या; ज्यात कामाचा डेटा राहणार किंवा जे दुसऱ्या कम्प्युटरवर न्यायचंय, ते फुलच हवं.

रॅममध्ये अशी काटकसर चालत नाही. चालू असलेल्या प्रत्येक क्लोनला स्वतःची रॅम लागते. विंडोज ११ किमान ४ जीबी मागतं, म्हणजे ८ जीबीच्या डेस्कटॉपवर असं एकच मशीन कसंबसं चालेल, १६ जीबीवर दोन. पैसे मोजकेच असतील तर आधी रॅम वाढवा, एसएसडीचं नंतर बघा. आपल्या बोर्डाला डीडीआर४ लागते की डीडीआर५, आणि स्लॉट रिकामा आहे का, हे बघूनच दुकानात जा.

सगळ्यात महाग पडतो तो विंडोजचा परवाना. फाईल कॉपी झाली म्हणून परवाना कॉपी होत नाही. दुकानात मिळणारा परवाना एकाच मशीनपुरता असतो, मग ते खरं असो वा व्हर्च्युअल. काही शे रुपयांना ऑनलाइन मिळणाऱ्या कीच्या नादी लागू नका. थोड्या दिवसांच्या चाचणीला मायक्रोसॉफ्टची एंटरप्राइझची ९० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती पुरते. शिकायचंच असेल तर उबुंटू किंवा डेबियन घ्या, कितीही क्लोन काढा.

एक खबरदारी मात्र घ्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये क्लोन काढताना सर्व नेटवर्क अडॅप्टरना नवे मॅक पत्ते देण्याचा पर्याय निवडा. उबुंटू सर्व्हरवर तेवढ्यानेही भागत नाही: मशीन-आयडीची फाईल सारखीच राहिली तर ब्रिज्ड नेटवर्कवर दोन क्लोनना राउटरकडून एकच आयपी मिळू शकतो. क्लोन काढण्याआधी मूळ मशीनमधली ती फाईल रिकामी करून मशीन बंद करा. प्रत्येक क्लोन पहिल्यांदा सुरू होताना आपापला नवा आयडी तयार करतो.