नावाच्या भरवशावर पेढी चालत नाही

कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्यांमुळे रेमिंग्टन हे नाव आपल्या ओळखीचे झाले. मुळात ही अमेरिकेतील बंदुका बनविणारी कंपनी. १८१६ साली सुरू झालेली ही पेढी कर्जाच्या ओझ्याखाली २०१८ साली आणि पुन्हा २०२० साली दिवाळखोरीत गेली. तिचे विभाग निरनिराळ्या खरेदीदारांना विकले गेले. दोनशे वर्षांच्या नावाने कर्ज फिटले नाही.

आपल्या कापडधंद्यातले जवळचे उदाहरण म्हणजे नागपूरची एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. कापूस पिकतो तिथेच सूत काढावे, हा त्यांचा हिशेब. रिंग चात्या नव्या होत्या तेव्हाच त्यांनी येथे लावून पाहिल्या. मिलचे नाव झाले ते अशा कामामुळे. पुढे यंत्रे जुनी झाली, यंत्रमागाचे स्वस्त कापड बाजारात आले. १९८६ साली मिल टाटांच्या हातून गेली, सरकारी महामंडळाने चालविली आणि २००२ साली कायमची बंद पडली. तिथे आता मॉल उभा आहे.

व्यापारी व कारागीर बंधूंनो, यातून तीन गोष्टी घ्याव्यात. नफ्यातला काही भाग दरवर्षी माग, शिलाई यंत्र व अवजारांसाठी वेगळा काढावा. जुन्या नावावर सहज मिळते म्हणून कर्ज घेऊ नये. तुटलेल्या गिऱ्हाइकाला कारण विचारावे. पवनीच्या हातमागालाही नाव होतेच. पाटीवर आजोबांचे नाव शोभते, पण गल्ला आजच्या मालानेच भरतो.