मॅनिफोल्डचा बोल्ट पुन्हा पुन्हा का तुटतो?

मालवाहू पिकअप गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजमध्ये एक काम हमखास परत येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटतो, कारागीर नवा बोल्ट लावून देतो आणि दोन-तीन महिन्यांत तीच गाडी, तोच आवाज घेऊन पुन्हा दारात उभी राहते. गिऱ्हाईक म्हणते, "काम कच्चे झाले." कारागीर म्हणतो, "बोल्टच हलका आहे." बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे अपुरे असते. बोल्ट तुटणे हे रोगाचे लक्षण आहे. मूळ रोग शोधल्याशिवाय कितीही भारी बोल्ट लावला तरी तो टिकणार नाही.

बोल्टवर जोर कुठून येतो?

मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा असतो. एक मीटर लांबीचे बीड तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.०११ मिलिमीटर वाढते. समजा, मॅनिफोल्ड ५० सेंटिमीटर लांब आहे आणि भरलेली गाडी घाट चढताना त्याचे तापमान ५०० अंशांनी वाढले, तर तो पावणेतीन मिलिमीटर लांब होतो. इंजिनाच्या हेडमध्ये मात्र पाणी फिरत असते. त्याचे तापमान ७० अंशांच्या आसपासच वाढते, म्हणून बिडाचे हेड तेवढ्या लांबीत जेमतेम ०.४ मिलिमीटर वाढते. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर ०.८ मिलिमीटर. म्हणजे दोघांत दोन मिलिमीटरहून थोडा कमी-जास्त फरक पडतो. मध्यभाग जागेवर राहिला तर दोन्ही टोकांना सुमारे एक-एक मिलिमीटर सरकावे लागते. गाडी तापली की हे सरकणे एका दिशेने, थंड झाली की उलट. रोजच्या या ओढाताणीत टोकाचा बोल्ट वाकत राहतो आणि एक दिवस तुटतो. अमेरिकन व्ही-८ पिकअपमध्ये मागच्या सिलिंडरकडचे बोल्ट तुटण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. आखातात काम करणाऱ्या आपल्या अनेक मेकॅनिक बंधूंना ती परिचित असेल.

म्हणूनच बऱ्याच मॅनिफोल्डची टोकाकडची भोके थोडी मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात. सरकायला जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू. त्या भोकांत काजळी व गंज भरला की ही वाट बंद होते आणि सगळा जोर बोल्टवर येतो.

तुटलेला बोल्ट फेकू नका

तो बोल्ट पुसून उजेडात पाहा. तुटलेल्या भागावर शिंपल्यासारख्या बारीक रेषा आणि एका बाजूला लहानसा खरबरीत भाग दिसला, तर बोल्ट हळूहळू थकून तुटला आहे. बोल्ट मध्ये बारीक होऊन ताणलेला दिसला, तर तो प्रमाणाबाहेर कसला गेला होता. कोणत्या नंबरचा बोल्ट तुटला हेही लिहून ठेवावे. नेहमी टोकाचाच तुटत असेल तर मॅनिफोल्ड वाकला आहे का ते तपासावे. टर्बोजवळचा तुटत असेल तर टर्बोचा व पाइपचा आधार पाहावा. सायलेन्सरचा ब्रॅकेट निघालेला असेल किंवा इंजिनाचे माउंटिंग बसलेले असेल, तर सगळे वजन हिंदकळत मॅनिफोल्डवर येते.

दुरुस्तीचा क्रम

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल घालून शक्य तर रात्रभर ठेवावे. घाईने पाना मारला की शाबूत बोल्टही तुटतो.

२. तुटलेला तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करावे. त्या उष्णतेने गंजाची पकड सुटते. आधी बॅटरीची वायर काढावी, नाहीतर आजच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट जळण्याचा धोका असतो. तुकडा आत बसला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून सरळ ड्रिल करावे. ड्रिल तिरके गेले तर पाण्याची वाट फुटू शकते. 'इझी आउट' जोराने फिरवू नये. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही.

३. आटे साफ करावेत. आटे गेले असतील तर हेलिकॉइल बसवावी. ओबडधोबड मोठा बोल्ट ठोकू नये.

४. मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने फट मोजावी. कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेपेक्षा फट जास्त असेल तर तोंड मशीनवर सपाट करून घ्यावे. चीर गेली असेल तर मॅनिफोल्ड बदलावा. वाकलेला मॅनिफोल्ड बोल्टने ओढून बसवणे म्हणजे पुढच्या तुटण्याची तयारी करणे होय.

५. गॅस्केट दरवेळी नवे घालावे. बोल्ट किंवा स्टड पूर्ण सेट बदलावा, कारण शेजारच्या बोल्टांनीही तेवढाच मार खाल्लेला असतो.

६. मधून सुरुवात करून टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने कसावे. टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिला असेल आणि आपण ग्रीस लावले, तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो, हे विसरू नये.

बोल्ट कोणता घ्यावा?

डोक्यावरचा ८.८ हा आकडा ताकद सांगतो. त्यातील पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण. परंतु ही ताकद थंड बोल्टची आहे. म्हणून १२.९ चा बोल्ट लावला की काम पक्के झाले, ही समजूत चुकीची आहे. सततच्या उष्णतेने त्याचेही पाणी उतरते. साधा स्टेनलेसचा बोल्ट बिडापेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे गरम झाल्यावर पकड ढिली पडते. कंपनीने त्या इंजिनासाठी दिलेला, उष्णता सोसणारा स्टडच घ्यावा.

हिशेब आणि भरवसा

गळती म्हणजे केवळ आवाज नव्हे. गरम वायूने वायरिंग व डिझेलचा पाइप जळू शकतो, टर्बोच्या गाडीची ताकद कमी होते. विषारी कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. पेट्रोल व सीएनजीच्या गाडीत हा धोका अधिक. या वायूला रंग नाही, वास नाही. इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरच्या जिवाशी ही गाठ आहे.

म्हणून "एक बोल्ट लावून द्या, गाडी आजच पाहिजे" असे गिऱ्हाईक म्हणाले तरी कारागिराने पूर्ण काम समजावून सांगावे. तुटलेला बोल्ट हातात द्यावा, पट्टीखालची फट दाखवावी आणि बोल्टचा सेट, गॅस्केट, मशीनिंग व मजुरी यांचा वेगवेगळा अंदाज लिहून द्यावा. आपण पाहिलेल्या गोष्टीवर गिऱ्हाईक सहसा भांडत नाही. तरीही त्याने अपुरे कामच करून घेतले, तर कोणते काम राहिले ते बिलावर स्पष्ट लिहावे. वहीत तारीख, किलोमीटर आणि बोल्टचा नंबर नोंदवावा. पुन्हा तक्रार आली तर तीच नोंद वाट दाखवते.

गाडीवाल्यांनीही आपली बाजू सांभाळावी. प्रमाणाबाहेर माल भरू नये. घाट चढून आल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करावे. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नये. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येऊन गरम झाल्यावर तो कमी होत असेल, किंवा मॅनिफोल्डच्या कडेला काजळी दिसली, तर लगेच गॅरेज गाठावे. पहिला बोल्ट तुटल्यावर केलेले काम स्वस्तात होते. तिसरा तुटेपर्यंत थांबले तर मॅनिफोल्डही जातो आणि भरल्या मालाची खेपही बुडते.