शरीराचा तोल आणि विंचवाचा दंश

मानवी शरीराचा तोल दोन यंत्रणा राखतात. मज्जातंतू क्षणार्धात निरोप पोहोचवितात. संप्रेरके रक्तावाटे जाऊन अधिक काळ कार्य करतात. भय वाटताच मज्जातंतूंच्या आज्ञेने मूत्रपिंडांवरील ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात व हृदयाची गती वाढते. संकट टळताच ती पूर्ववत होते. हा जमाखर्चाचा मेळ देहात अहोरात्र चालू असतो.

कोकणातील लाल विंचवाचे विष नेमका हाच मेळ बिघडविते. मज्जातंतू शांत होत नाहीत, संप्रेरकांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुफ्फुसांत पाणी साचते. लहान मुलांस धोका विशेष असतो.

महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून हे जाणले व रक्तवाहिन्यांचे आकुंचन रोखणारे प्राझोसिन हे औषध योजिले. त्यांचा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या उपचाराने मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री सन्मान लाभला.

हर्णे परिसरातील कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम किंवा हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित रुग्णालयात आणावे. वेदना कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, उताऱ्यात वेळ दवडू नये. गोळी अल्प मोलाची आहे. अमूल्य आहे तो दंशानंतरचा पहिला तास. दात्यांच्या साह्याचे सार्थकही त्याच तासात होते.