फिरत्या घराच्या भिंतीवर दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणी ही पूर्वी भिंतीवर टांगण्याची वस्तुच नव्हती. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें; त्यानंतर पुष्कळ वर्षें घरोघर जो संच आला त्याच्या पोटांत जाड कांचेची चित्रनलिका असे. मोठा संच हलवावयाचा तर दोन माणसें लागत, आणि एकदां टेबलावर ठेवला कीं तो तेथेंच स्वस्थ बसे. आतां पडदा चपटा झाला, चार-पांच किलोंवर आला, आणि त्याबरोबर अशी एक समजूत उत्पन्न झाली कीं, इतकी हलकी वस्तु कोठेंहि चार स्क्रूंनीं अडकविली म्हणजे झालें. विटांच्या भिंतीपुरती ही समजूत बहुधा निभावून जाते. भिंत स्वतःच चालूं लागली म्हणजे मात्र ती निभावत नाहीं. असें कां व्हावें, हें तरफेचा धडा ज्यानें शिकला आहे त्या विद्यार्थ्यास सहज समजेल.

निजावयाची व स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीस कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. नवी गाडी घेणें सर्वांस परवडत नाहीं. म्हणून आमच्या एका स्नेह्यांनीं जुनी मिनीबस घेऊन तिचेंच फिरतें घर केलें. निजावयाच्या बाकावर, उशाच्या बाजूस, त्यांनीं बत्तीस इंची पडदा एका लोखंडी हातावर बसविला. हा हात दुमडतो व उघडतो, म्हणजे कोठूनहि चित्र पाहतां येतें. हिवाळ्यांत मंडळी चंद्रपुराहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या मार्गानें भामरागडला निघाली. आलापल्ली सोडल्यावर जंगलांतील एका खड्ड्यांत चाक आदळलें, वरचे दोन स्क्रू उपटून आले, आणि पडदा खालच्या दोन स्क्रूंवर लोंबकळून त्याचा कोपरा उशीवर बसला. त्या उशीवर दहा मिनिटांपूर्वीं त्यांची नात निजली होती. रस्त्यावरचीं वानरें पाहण्यासाठीं ती उठून पुढच्या खिडकीशीं गेली होती.

परत आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, पडदा अवघा पांच किलोचा. पांच किलोंना चार स्क्रू पुरे नव्हते काय?"

पुरे होते, परंतु स्क्रूंवर पांच किलो नव्हतेच. हिशेब करून पाहूं. हात पूर्ण उघडला असतां पडदा भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढें येत होता. भिंतीवरील लोखंडी पट्टीची खालची कड हा टेकू. त्या टेकूपासून वरच्या स्क्रूंचें अंतर १५ सेंटिमीटर. ५ ला ४० नीं गुणून १५ नीं भागलें म्हणजे १३ किलोंहून कांहीं अधिक येतात. वरच्या दोन स्क्रूंना भिंतींतून बाहेर ओढणारा जोर इतका, आणि तोहि गाडी उभी असतांना. आतां गाडी खड्ड्यांत आदळून वर उसळली. या उसळीची गति गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीनें वाढली असें धरलें, तर मूळच्या भारांत त्याच्या दुप्पट भर पडून एकूण तिप्पट होतो. म्हणजे ४० किलो झाले. पलीकडे सहा मिलिमीटरचें प्लायवूड. त्यांत स्क्रूचे धरून धरून तीन-चार आटे. शिवाय असा हिसका एकदांच बसत नाहीं. शेंकडों लहान हिसक्यांनीं भोंक आधींच सैल झालेलें असतें, आणि शेवटचा खड्डा उगाच बदनाम होतो.

हाच हात दुमडून पडदा भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर आणला, तर त्याच गणितानें २ किलो येतात, आणि हिसक्यांत ६. चाळीस आणि सहा! पडदा तोच, स्क्रू तेच, खड्डाहि तोच. तेव्हां हात उघडा राहिला कसा, असें आम्हीं विचारलें. त्यांनीं तो दुमडूनच ठेवला होता. पण त्याला खटका नव्हता, आणि घाटवळणाची गरज नाहीं, साध्या वळणावरहि तो आपोआप उघडत असे. दुकानांत मिळणारे बहुतेक हात घरच्या स्थिर भिंतीसाठीं केलेले असतात. फिरत्या घरासाठीं खटक्याचाच हात घ्यावा, आणि त्यावर एक चामड्याचा किंवा कापडी पट्टा आवळावा. बैलगाडीवाला हंडा नुसता ठेवीत नाहीं, बांधतो. त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें काम भिंतीचें. जुन्या गाडीचें आंतलें प्लायवूड हें केवळ अस्तर होय. भार वाहतात ते त्यामागील लोखंडी चौकोनी नळ्यांचे किंवा लांकडी खांब. लोहचुंबक फिरवून नळी सांपडते. लांकडी खांब असल्यास टोच्यानें टोचून पाहावा. छपरांतून झिरपलेल्या पावसानें तो आंतून कुजलेला असण्याचा संभव फार, आणि आपल्या जिल्ह्यांतला पाऊस कोणाला सांगावयास नको. आम्हीं अस्तर काढून दोन नळ्यांवर सागाची एक आडवी फळी आरपार बोल्टांनीं आवळली, मात्र बाहेरच्या पत्र्याला भोंक पडूं दिलें नाहीं. सागाची कीर्ति येथें वर्णावी असें नाहीं. २०२३ सालीं अयोध्येच्या मंदिरासाठीं बल्लारपुराहून सागवान गेलें हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच्या अंगच्या तेलामुळें त्याला सरस नीट धरत नाहीं, हें सुतार जाणतात व इतर विसरतात. म्हणून फळी चिकटवूं नये. बोल्ट, रुंद वॉशर आणि आंत नायलॉनची कडी असलेला नट, ज्यायोगें तो थरथरीनें सुटत नाहीं, असेंच बसवावें. पडद्याच्या पाठीवरील चार भोंकें व्हेसा नांवाच्या ठरीव मापाचीं असतात: लहानांस ७५ किंवा १०० मिलिमीटरचा चौरस, मोठ्यांस पुष्कळदां २००. तेथें लांब स्क्रू घालूं नये. तो आंतील यंत्रांत घुसतो.

विजेविषयीं थोडक्यांत. ३० वॉटचा पडदा १२ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरावयाची असें ठरविलें, तर वीस तास मिळतात. मोठ्या गाड्यांत २४ व्होल्ट असतात, आणि १२ व्होल्टचा पडदा तेथें जोडला तर तो तत्काळ जळतो. म्हणून आधीं मोजावें. फ्यूज बॅटरीच्या जवळ असावा, पडद्याजवळ नव्हे, कारण तार मध्येंच घांसून उघडी पडली तर आग तेथूनच लागते.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. बहुतेक उत्पादक अशा पडद्यास ४० अंशांपर्यंतच वापरावें असें सांगतात, आणि चंद्रपुरास मे महिन्यांत उन्हांत उभी केलेली बंद गाडी ही मर्यादा सकाळींच ओलांडते. पडद्यांतील द्रव स्फटिक हा पदार्थ १८८८ सालीं फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीस प्रथम पडला. त्याच्या हातच्या पदार्थाला वितळण्याचे जणूं दोन बिंदु होते, एकास तो गढूळ होई व पुढच्यास स्वच्छ. फार तापला म्हणजे पडद्यांतला स्फटिकहि साधा द्रव होऊन जातो, आणि पडद्यावर काळे डाग पडतात. निवल्यावर ते बहुधा जातात, पण आम्हीं पडदा खिडकीसमोरून हलविला.

दूरदर्शनची विनामूल्य तबकडी लावणाऱ्यानें गाडी उभी करून ती आग्नेयेकडे वळवावी, कारण तिचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ वर आहे. सागाचीं पानें झडलेल्या उन्हाळ्यांत चित्र येतें. पावसाळ्यांत त्याच झाडाखालीं येत नाहीं.

नट आवळल्यावर त्यावरून फळीपर्यंत पांढऱ्या रंगाची एकेक बारीक रेघ ओढून ठेवली. पुढच्या खेपेस मंडळी भामरागडला जाऊन आली तेव्हां आम्हीं त्या रेघा पाहिल्या. तीन सरळ होत्या. चौथी नटावर किंचित सरकलेली होती. तेथील नट काढून पाहतां नायलॉनची कडी झिजलेली निघाली, म्हणून तो टाकून नवा घातला आणि रेघ पुन्हां ओढली.